आधी वाट मोकळी करा, मग किडनीचा निकाल लावा

पोस्ट मोठी आहे. कांद्याच्या भावाची नाही, निवडणुकीची नाही, त्यामुळे लाइक कमी येतील हेही ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे किंवा येणार आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि एक आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा. गेलं वर्षभर एका बाळाची फाइल काखेत मारून फिरलो, डॉक्टरांना विचारत राहिलो, जे समजलं ते लिहितोय.

बाळ माझ्या चुलतभावाचं. आज दीड वर्षाचा आहे, घरभर पळतो, ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराकडे धावतो. नाव लिहीत नाही, उद्या मोठा झाल्यावर त्याची किडनी फेसबुकवर सापडायला नको.

सूनबाईला आठवा महिना असताना एका ठिकाणी सोनोग्राफी झाली. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, डाव्या किडनीत हायड्रोनेफ्रोसिस. तोंडी सांगितलं गेलं, "बाळाच्या किडनीला थोडी सूज आहे, बाळंतपणानंतर बघू." बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला, वजन चांगलं, पेढे वाटले. रिपोर्टची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गेली आणि पिशवी कपाटावर. "बघू" म्हणजे कोणी बघायचं, कधी बघायचं, कुठे जाऊन बघायचं, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझाही यात वाटा आहे. मला तेव्हा कळलं होतं, आणि "सूज आहे ना, उतरेल" असं मीच काकूला सांगितलं होतं.

इथेच पहिला घोटाळा आहे. सूज हा शब्दच चुकीचा. सूज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुरगळलेला पाय येतो. लेप लावा, गोळी घ्या, चार दिवसांत उतरते. किडनीची ही सूज तशी नसते. किडनीत तयार झालेली लघवी खाली मूत्राशयात उतरायला जागा मिळत नाही म्हणून ती वरच साठते आणि किडनी फुग्यासारखी ताणली जाते. ते तुंबलेलं पाणी आहे. डॉक्टर लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, "किडनीत लघवी तुंबते आहे" असंच सांगा. पेशंट घाबरेल, पण फाइल कपाटावर ठेवणार नाही.

पाचव्या महिन्यात पोराला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. औषधाने उतरला. पंधरा दिवसांनी परत. परत उतरला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तालुक्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी बाकी काही लिहून देण्याआधी लघवी तपासायला लावली. लघवीत पू. मग सोनोग्राफी, आणि डावी किडनी एवढी फुगलेली की पोटावर हात ठेवला तर बोटांना लागत होती. सहा महिने ती आमच्या मांडीवर होती आणि आम्हाला कळली नव्हती.

पुढची तपासणी डीटीपीए स्कॅन. हा तालुक्याच्या गावी होत नाही, मोठ्या शहरात जावं लागतं. शिरेतून किरणोत्सारी औषधाचा अगदी छोटा डोस देतात आणि कॅमेऱ्याखाली मोजतात की कुठल्या किडनीने किती औषध उचललं आणि किती वेळात खाली सोडलं. दोन्ही निरोगी असतील तर हिशेब साधारण पन्नास-पन्नास येतो. किरणोत्सारी म्हटल्यावर काकूने तोंडाला पदर लावला. तिला म्हटलं, काकू, आपल्या लासलगावात २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र आहे, तिथून आंबे अमेरिकेला जातात, तिथल्या नावाला कधी घाबरली नाहीस. तिथला कोबाल्ट वेगळा आणि हे औषध वेगळं, याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, दुसऱ्या दिवशी त्यातलं फारसं काही उरत नाही. काकू म्हणाली, "आंबा परदेशी जातो रे, हा आपला आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिपोर्ट आला. उजवी त्र्याण्णव टक्के, डावी सात.

ज्यांनी रिपोर्ट वाचला त्यांचं म्हणणं सरळ होतं. दहाच्या खाली गेलेली किडनी ठेवून उपयोग नाही, तीत जंतू होत राहतील, पुढे ब्लडप्रेशर वाढेल, काढून टाका, माणूस एका किडनीवर छान जगतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. एका किडनीवर माणूस खरंच जगतो. भाऊ तयार झाला होता. पैशाची जुळवाजुळवही सुरू झाली होती. रात्री त्याचा फोन आला, "दादा, काढायला माझी ना नाही, पण एकदा दुसऱ्या कुणाला दाखवू. तू पेपरवाला, तुझी कुठे तरी ओळख असेल."

ओळख-बिळख नव्हती. सकाळच्या पंचवटीने दादर गाठलं आणि तिथल्या एका सरकारी रुग्णालयाच्या लहान मुलांच्या ऑपरेशन विभागात केसपेपर काढून रांगेत बसलो. मुंबईत या शाखेची परंपरा मोठी आहे. परळचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून फक्त मुलांसाठी उभं आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव आणणाऱ्या कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख मूळच्या लहान मुलांच्या सर्जन होत्या, हेही आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. असो. आमचा नंबर दुपारी दोनला लागला. सर्जनबाईंनी स्कॅन उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हा काढला तेव्हा लघवीला वाट करून दिली होती का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग हा सातचा आकडा मी आज धरत नाही."

त्यांनी जे समजावलं ते मी वावराच्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसंच समजलं. अवकाळी झाली आणि कांद्याच्या वावरात पाणी साचलं तर आपण काय करतो? आधी चर काढून पाणी बाहेर काढतो. मग वाफसा येऊ देतो. मग आत उतरून बघतो, कुठले वाफे सडले, कुठले राहिले. पाणी साचलेलं असताना बांधावर उभं राहून कोणी रोटाव्हेटर मागवत नाही. तुंबलेल्या किडनीचं तसंच आहे. आत लघवीचा दाब असतो, त्या दाबाने रक्ताचा पुरवठा कमी होतो, गाळण्या थंडावतात. काही गाळण्या मेलेल्या असतात, त्या परत येत नाहीत. पण काही नुसत्या दबलेल्या असतात. स्कॅनला या दोघींतला फरक दिसत नाही. दोघीही औषध उचलत नाहीत, म्हणून दोघीही शून्यात धरल्या जातात.

म्हणून आधी वाट मोकळी करायची. सोनोग्राफीत बघत पाठीतून एक बारीक नळी थेट किडनीत सोडतात आणि लघवी बाहेर पिशवीत काढतात. डॉक्टर त्याला पीसीएन म्हणतात. चार ते सहा आठवडे ती नळी ठेवायची आणि पुन्हा तोच स्कॅन काढायचा. आकडा वर आला आणि नळीतून रोज बऱ्यापैकी लघवी येत असली, तर किडनी ठेवायची आणि अडथळ्याचा भाग कापून नळी नव्याने जोडायची. आकडा हललाच नाही, तर काढायची. तेव्हा निदान माहीत असतं की खरंच गेलेली होती.

हे कोणा एका डॉक्टरच्या डोक्यातलं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या लहान मुलांच्या सर्जननी नेमक्या याच प्रश्नावर, अडथळा असलेल्या आणि काम खालावलेल्या किडन्यांत नळी टाकून बघण्यावर, २००१ मध्ये निबंध छापलेला आहे. म्हणजे ही गोष्ट वीसहून अधिक वर्षं आपल्याच देशात माहीत आहे. सर्जन मंडळींत मतभेद आहेत, ते सांगायला हवेत. काहींचं म्हणणं, तान्ह्या बाळात मधली नळी कशाला, सरळ जोडणीचंच ऑपरेशन करा, बाळाची किडनी दाब गेला की आपोआप सावरते. काहींना एवढ्या खालच्या आकड्यावर मेहनत घेणं पटत नाही, कारण पाच-दहा टक्के वाढून त्या मुलाच्या आयुष्यात काय फरक पडणार, दुसरी किडनी धडधाकट आहेच. या दुसऱ्या म्हणण्याला मी हसत नाही. नळी म्हणजे खेळ नव्हे. निसटते, चोंदते, जंतू होतात. पण माझं मत या वर्षाने पक्कं झालं आहे. लघवीला वाट न देता काढलेल्या एका आकड्यावर बाळाची किडनी काढायचा निर्णय होऊ नये. शेवटी काढायचीच ठरली तरी आधी विचारलं गेलं पाहिजे, आणि आईबापाला हे विचारता येतं हे माहीत असलं पाहिजे.

आता नळीचे ते सहा आठवडे. हे कुठल्या निबंधात येत नाही म्हणून लिहितो.

सात महिन्यांचं पोर पालथं पडायला शिकलेलं, आणि पाठीत नळी. ते हात मागे नेऊन ओढणार म्हणून सूनबाईने जुन्या लुगड्याची पट्टी कमरेभोवती गुंडाळली, वर बंडी शिवली. रात्री दोघं नवरा-बायको आळीपाळीने जागे. दर चार तासांनी पिशवी मोजायची. वही हाताशी नव्हती तर तिने बाजार समितीतून आलेल्या हिशेबपट्ट्या घेतल्या आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला कांदा किती क्विंटल, तोलाई किती, हमाली किती. मागच्या बाजूला सकाळी ६ वाजता ४० मिली, १० वाजता ३५ मिली. पोरगी बारावी नापास आहे. मुंबईच्या सर्जनबाईंनी तो गठ्ठा बघितला आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. एकदा नळी चोंदली, रात्री अकराला गाडी करून नाशिक गाठलं. साठेक किलोमीटर, विंचूर-निफाड रस्त्याने, पोर रडून रडून निळं. त्या रात्री भाऊ मला म्हणाला, "काढून टाकली असती तर एव्हाना झोपलो असतो." मी गप्प बसलो.

सहा आठवड्यांनी स्कॅन झाला. डावी एकोणीस.

जोडणीचं ऑपरेशन झालं. अँडरसन आणि हाइन्स या दोघा इंग्रज सर्जनच्या नावाने ते ओळखलं जातं, १९४९ पासूनचं आहे, आणि अनुभवी हातात शंभरातली नव्वदवर यशस्वी होतात. आमचंही झालं. शेवटच्या तपासणीत डावी चोवीसवर आहे. चोवीसचे पन्नास होणार नाहीत. पण उद्या उजव्या किडनीला मुतखडा झाला, मार लागला, साखर झाली, तर मागे कोणी तरी उभं आहे.

आणि लगेच दुसरी बाजू. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर येवल्याकडची एक मुलगी होती, चार वर्षांची. तिलाही नळी टाकली होती. महिनाभर नळीतून थेंब थेंब पाणचट लघवी यायची, स्कॅन हलला नाही, ब्लडप्रेशर चढलेलं. तिची किडनी काढली. ती पोर आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. तिच्या बापाला मी विचारलं, नळीचा महिना वाया गेला असं वाटतं का? तो म्हणाला, "नाही भाऊ. आता रात्री मनात काही येत नाही." वय लहान तितकी किडनी सावरायची शक्यता जास्त, असं डॉक्टर सांगतात. ती चार वर्षांची होती, आमचा सात महिन्यांचा. दोघांच्याही रिपोर्टवर आईच्या पोटात असतानाच किडनीचा उल्लेख होता. दोन्ही फाइली घरी पडून होत्या.

आतापर्यंत बोललो ते एका बाजूच्या अडथळ्याबद्दल, मुलगा-मुलगी कोणालाही होणाऱ्या. याहून भयंकर प्रकार फक्त मुलग्यांत असतो. लघवीच्या मार्गातच जन्मतः पातळ पडदे असतात, व्हॉल्व्ह म्हणतात त्यांना. पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एखाद्याला. तिथे अडथळा सगळ्यात खाली असल्याने मूत्राशय आणि दोन्ही किडन्या, सगळंच तुंबतं. मागे उभी राहायला दुसरी किडनी नसते. या बाळाला उपचार म्हणजे पहिल्याच दिवशी लघवीच्या जागेतून बारीक नळी. ऑपरेशन नंतर. आधी तुंबलेलं निघू द्यायचं, रक्तातले क्षार सांभाळायचे. कारण वाट मोकळी झाली की अशा किडन्या भसाभस लघवी सोडतात, बाळ काही तासांत सुकून जाऊ शकतं, म्हणून हे दवाखान्यातच व्हायला हवं. रक्तातलं क्रिएटिनिन खाली बसलं की दुर्बिणीने आतला पडदा मोडतात. पहिल्या वर्षभरात ते क्रिएटिनिन किती खाली येतं त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. यातली साधारण पाव ते एक तृतीयांश मुलं वेळेवर उपचार होऊनही मोठेपणापर्यंत किडनी गमावतात. वेळेवर न होणाऱ्यांचं काय होतं हे सांगायला नको.

आणि हा आजार ओळखायला सोनोग्राफीच लागते असं नाही. आजीच्या डोळ्यांना दिसतो. मुलगा शू करताना धार उडते की नाही? लंगोट बदलताना बापाचा शर्ट भिजला म्हणून आपण हसतो, ते चांगलं लक्षण आहे. धार नाही, नुसते थेंब ठिबकतात, करताना बाळ कण्हतं, जोर लावतं, पोटाच्या खाली गोळा लागतो, वजन वाढत नाही, कारण नसताना ताप येतो, यातलं काही असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. नजर उतरवायची तर उतरवा, पण रिक्षा बोलावल्यावर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर उद्या प्रत्येक गरोदर बाई हा लेख वाचून रडत बसेल. पोटातल्या बाळाच्या किडनीत थोडं पाणी दिसणं काही दुर्मीळ नाही. शंभर गरोदरपणांत एक ते पाचांत ते दिसतं आणि त्यातली बहुतेक बाळं काहीही न करता, ऑपरेशनशिवाय बरी होतात. पण आपलं बाळ त्या बहुतेकांत आहे की उरलेल्यांत, हे जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. तेवढंच करायचं आहे.

आता थोडा हिशेब. २०११ च्या जनगणनेत आपल्या निफाड तालुक्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी पंधराच्या जवळपास. म्हणजे तालुक्यात वर्षाला सात-साडेसात हजार बाळं. शंभरात एक धरलं तरी पंचाहत्तर बाळांच्या रिपोर्टवर ती ओळ येत असणार. हा माझा बोटांवरचा हिशेब आहे, सरकारी आकडा नव्हे. सरकारी आकडा बघायला कोणी तरी वही ठेवायला हवी ना. ती वही कुठेच नाही, हेच माझं आजचं भांडण आहे.

बघा, वही ठेवायची सोय सगळी आहे. गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा. त्याच्यामुळे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो, त्यात तपासणीत काय आढळलं हे लिहायची जागा आहे आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत सेंटरने त्याचा अहवाल शासनाला द्यायचा असतो. कायदा कशासाठी आहे हे मला माहीत आहे, तो कडकच राहिला पाहिजे, मुलींचे जीव त्याच्यावर आहेत. पण बाळाच्या किडनीत पाणी आढळलं ही माहिती त्याच कागदावर सरकारकडे पोचू शकते आणि तिथून आशाताईकडे येऊ शकते, तर ती येत का नाही?

आशाताई तर घरी येतेच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. वजन घेते, ताप बघते, नाळ बघते, अंगावर पाजता का विचारते. त्यात एक प्रश्न वाढवा, शू करताना धार येते का. आणि एक नजर, गरोदरपणातल्या रिपोर्टवर किडनीचं काही लिहिलंय का. याला यंत्र लागत नाही. मानधन वेळेवर द्यायला लागतं, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्यांची एकदा तपासणी. चांगली योजना आहे. हृदयाला छिद्र असलेली किती तरी पोरं तिने वाचवली, त्यातल्या काहींच्या बातम्या मीच केल्या आहेत. तिच्या यादीत जन्मजात दोष नऊ आहेत. दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष वगैरे. लघवीच्या मार्गातला अडथळा या नवांत नाही. यादीत नाही म्हणून फॉर्मवर चौकट नाही, चौकट नाही म्हणून विचारत नाहीत. दहावी ओळ वाढवायला किती खर्च येतो?

ऑपरेशनच्या पैशाचा प्रश्न पूर्वी होता तेवढा आता नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांची आणि मूत्रमार्गाची ऑपरेशनं बसतात, संरक्षण आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत केलेलं आहे. १५५३८८ वर फोन करून जवळचं योजनेतलं रुग्णालय विचारता येतं, आणि तिथल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. अडचण त्याच्या अलीकडची आहे. किडनीत पाणी आहे म्हटल्यावर कुठल्या दवाखान्यात कुठल्या डॉक्टरकडे जायचं, हेच गावात कोणाला सांगता येत नाही. मोठ्या माणसांचे मुतखडे काढणारे डॉक्टर खूप आहेत. तान्ह्या बाळाची किडनी बघणारा वेगळा सर्जन असतो, हे मला माझ्या चाळिशीत कळलं. आणि बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. उन्हाळ कांदा काढणीच्या हंगामात भाऊ एकवीस दिवस मुंबईत होता. चाळीत कांदा भरायला आम्ही चुलते-पुतणे गेलो म्हणून निभावलं.

माझ्या धंद्याचंही बोलतो. डायलिसिसचं यंत्र बसतं तेव्हा फीत कापली जाते, नेते येतात, आम्ही फोटो छापतो. मीही छापलेत. डायलिसिस लागतंच, त्याच्याविरुद्ध मी नाही. पण त्या खुर्चीवर बसलेल्या विशीतल्या पोराला मी कधी विचारलं नाही की लहानपणी तुझी धार कशी होती, तुझ्या आईच्या रिपोर्टवर काय लिहिलं होतं. वीस वर्षांच्या पत्रकारितेत या विषयावर माझी एकही बातमी नाही. कपाटावरची पिशवी आमच्या घरातली निघाली, म्हणून आज लिहितोय.

तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी येत्या आठवड्यात निवेदन देणार आहे. मागण्या दोनच. आशाताईंच्या भेटीत धारेचा प्रश्न, आणि गरोदरपणात किडनीत पाणी आढळलेल्या प्रत्येक बाळाची तालुक्याला एक वही, ज्यात जन्मानंतरची सोनोग्राफी झाली की नाही याची खूण असेल. यातलं पहिलं तरी तालुका पातळीवर उद्यापासून सुरू होऊ शकतं, मुंबईच्या आदेशाची वाट बघायचं कारण नाही. सोबत यायचं त्यांनी सांगा. सरपंच मंडळींनी ग्रामसभेचा ठराव जोडला तर बरं होईल.

आणि आज घरी गेल्यावर कपाटावरची पिशवी खाली काढा. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर किडनीबद्दल काही लिहिलेलं दिसलं आणि कळलं नाही, तर रिपोर्टचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका, बाळाची माहिती चारचौघांत नको. मला मेसेज करा. औषध मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. कुठे जायचं, कुठल्या खिडकीवर केसपेपर निघतो आणि पंचवटीला सकाळी कुठल्या डब्यात लेकराला घेऊन बसायला जागा मिळते, एवढं नक्की सांगेन.